उंच बसलेल्या टोप्या

रोहिदासच्या शेवटच्या फेरीतली चौथी गोळी सुटलीच नाही. नुसता 'टक' असा आवाज झाला आणि पंचवीस मीटरवरचा कागद होता तसाच राहिला. रोहिदास पक्का माणूस. त्यानं हात खाली घेतला नाही, मान वळवली नाही. पिस्तूल समोर धरूनच मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजले. अशी गोळी कधीकधी उशिरानं सुटते, म्हणून तो नियमच आहे. मग काडतूस बाहेर काढून त्यानं शेजारच्या डब्यात टाकलं आणि मागं न बघता म्हणाला, "ताई, हे पाचवं."

साठ गोळ्यांत पाच. मी मागच्या बाकावर बसले होते, आणि त्या गोळ्या आमच्या होत्या. म्हणजे माझ्या आणि आबांच्या हातच्या.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. आमचा रायफल क्लब कोल्हापूरहून पन्हाळ्याकडं जाताना लागणाऱ्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत होता. बाहेरच्या देशातली काडतुसं तेव्हा मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. म्हणून नेमबाजांनी उडवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या आणि त्याच पुन्हा भरायच्या, असा आमच्या क्लबाचा रिवाज होता. त्यासाठी क्लबाला परवाना होता आणि त्या परवान्यात भरणारा माणूस म्हणून माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव होतं: ज्ञानू साळोखे, लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. लष्करातही त्यांनी बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्याचंच काम केलं होतं. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकत होते. पुंगळ्या धुवायच्या, जुन्या टोप्या पाडायच्या, दारू तोलायची, ही कामं माझी. नव्या टोप्या बसवायच्या आणि वर शिशाची गोळी दाबायची, हे काम आबांचं. ते दाबायचं दांड्याचं यंत्र म्हणजे प्रेस, आणि त्या प्रेसपुढच्या खुर्चीवर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. मलाही नाही.

टोपी म्हणजे काय ते सांगते. काडतुसाच्या बुडाशी एका खळगीत मसुराच्या डाळीएवढी एक टोपी असते, तिला इंग्रजी शिकलेले लोक प्रायमर म्हणतात. पिस्तुलाची पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. टोपी पेटली नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

आणि रोहिदास रविवारी पुण्याला राज्याच्या निवड स्पर्धेत उतरणार होता. पोलिसात शिपाई, वय एकतीस. वयाच्या आणि ड्यूटीच्या हिशोबानं त्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळेल असं कुणीच म्हणत नव्हतं, तो स्वतःसुद्धा नाही. त्या दिवशी मंगळवार होता.

फैरी संपल्या तशी घाटगे सरांनी मला हाक मारली. घाटगे सर क्लबाचे सेक्रेटरी, पूर्वी हायस्कूलचे हेडमास्तर. त्यांची खोली म्हणजे आमच्या कामाच्या खोलीतच पत्रा घालून केलेला एक कोपरा.

"दार लोटून घे," ते म्हणाले. "टोप्या कोण बसवतं?"

"आबा."

"या वेळीही त्यांनीच बसवल्या?"

"हो."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ शैला, मी आडपडदा न ठेवता विचारतो. उन्हाळ्यात साळोख्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना नीट दिसतं का?"

आता हे सांगताना मला कसलाही आडोसा घ्यायचा नाही. आबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, पण उजवा डोळा खणखणीत होता. आईच्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. मला हे ठाऊक होतं. पण मला ती खुर्चीही हवी होती. दोन वर्षं मी चिंध्या धुतल्यासारख्या पुंगळ्या धूत होते, आणि क्लबात येणारा जाणारा 'साळोख्यांची पोरगी' म्हणूनच मला ओळखत होता. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

"नाही दिसत," मी म्हणाले.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "शनिवारी कमिटी बसतेय. परवान्यात त्यांच्या जागी तुझं नाव घालावं असं मी सुचवीन. पण शनिवारी दुपारी रोहिदास पुण्याची गाडी पकडणार. त्याआधी त्याच्या हातात दोनशे गोळ्या पाहिजेत, आणि त्यातली एकही चुकता कामा नये. नुसतं पुन्हा भरून देऊ नकोस. कारण शोध. कारण न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे नवस."

मी होकार दिला आणि बाहेर आले. मला वाटलं होतं तेवढा आनंद मला झाला नाही, पण झाला होता हे मात्र खरं.

आबा तोवर रोहिदासजवळ उभे होते. डब्यातली ती पाच काडतुसं त्यांनी तळहातावर घेतली होती.

"हीच परत मार," ते म्हणाले.

"आबा, मेलेली आहेत ती."

"मेलीत का निजलीत ते बघू की."

रोहिदासनं एकेक भरून मारलं. पाचच्या पाच सुटली. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. आबांनी मात्र मान डोलावली.

"माल खराब न्हाई. टोपी खळगीत पुरती बसलीच नव्हती. पिनचा पैला ठोका तिला आत ढकलण्यात गेला, दुसऱ्यानं पेटली."

टोपी पुंगळीच्या बुडाला सपाट, उलट केसभर आतच बसायला लागते. वर राहिली की असं होतं. म्हणजे दोष टोपी बसवण्यात होता, आणि हे खुद्द बसवणाऱ्यानंच सांगितलं.

"मग बसवणारा चुकला," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "दिसतंय तर तसंच," एवढंच म्हणाले.

आम्ही कामाच्या खोलीत गेलो. भिंतीवरचा आरसा काढून मी टेबलावर आडवा ठेवला आणि त्या खेपेची उरलेली एकशेचाळीस काडतुसं एकेक करून त्यावर उभी केली. ज्याची टोपी वर आली आहे ते काडतूस काचेवर डगमगतं, लंगड्या पाटासारखं. तेवीस डगमगली. आबांनी प्रत्येकाच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि माझे तेवीस बरोबर निघाले.

माझं डोकं तापलं होतं. वेळ थोडा, काम डोंगराएवढं. मी त्यातलं एक उचललं आणि टोपी अजून थोडी दाबून आत घालावी म्हणून प्रेसकडं नेलं. दांड्यावर हात ठेवते न ठेवते तोच आबांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीची आठवण अजून माझ्या मनगटाला आहे.

"भरलेल्या काडतुसाची टोपी परत दाबायची न्हाई. कधीच न्हाई. आत दारू हाय, वर गोळी हाय, आणि समोर तुझं तोंड."

"आबा, वेळ नाही."

"ज्याला वेळ न्हाई त्यानं या खोलीत पाऊल टाकू नये."

त्यांनी ती तेवीसच्या तेवीस काडतुसं एका डब्यात घालून वर लाल चिंधी बांधली, आणि डबा कुलपात ठेवला. मी मनगट चोळत बसले. मनात म्हटलं, म्हातारा स्वतः चुकतो आणि वर मलाच शिकवतो.

बुधवारी सकाळी सातलाच मी खोलीत हजर. काही झालं तरी कारण शोधायचंच, असा मी हिय्या केला होता. आबांची चूक आहे हे मला सिद्ध करायचं होतं, दुसरं काय. दारूचा डबा कुलपात ठेवला, कारण टोपीची तपासणी करायची तर दारूचं तिथं काम नाही. नुसत्या रिकाम्या, धुतलेल्या पुंगळ्या आणि नव्या टोप्या घेतल्या. आबा खुर्चीतून उठून बाजूला झाले आणि मला म्हणाले, "बस."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या खुर्चीवर बसले. दहा टोप्या बसवल्या. आरशावर ठेवल्या. दोन डगमगल्या.

मी पुन्हा दहा केल्या. या वेळी तीन.

म्हणजे माझ्याही हातून तेच होत होतं. आबांचा डोळा, आबांचा हात, हे सगळं बाजूला ठेवलं तरी टोपी वरच राहत होती. मला बरं वाटायला हवं होतं, की बापाची चूक नाही. बरं वाटलं नाही. हातचा चोर निसटल्यावर शिपाई चिडतो, तशी मी चिडले.

"प्रेस बिघडली असेल," मी म्हणाले.

"बघ की खोलून."

दांड्याची खीळ काढली, पुसली, लावली. टोपी ज्या वाटीत बसते ती वाटी रॉकेलनं धुतली. पुंगळी धरणारा खाचेचा तुकडा काढून त्यात कचरा अडकलाय का बघितलं. सगळं जागच्या जागी, तेल दिलेलं, आबांच्या हातचं. मग वाटलं, आपण जोर कमी लावतोय. दोन्ही हातांनी दांडा दाबला. टोपी आत गेली नाही. वरून चपटी झाली आणि कडेनं फुगली.

"जोर लावून काय हुणार?" आबा म्हणाले. "दांडा काय सांगतोय ते ऐक. टोपी तळाला टेकली की हाताला कळतं. कळलं का तुला?"

"टेकली असंच वाटलं."

"व्हय. टेकली खरी. पण कशाला टेकली?"

मी वैतागून म्हणाले, "तुम्हाला माहीत असेल तर सरळ सांगा ना."

"मला ठाऊक न्हाई, शैले. ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? खरंच ठाऊक न्हाई." एवढं बोलून त्यांनी आपली कापडी टोपी डोक्यावर ठेवली, सरांच्या घरी जाऊन येतो म्हणाले आणि सायकल काढली. कशाला जाताय हे मी विचारलं नाही. दिवसभर माझ्याच मागं होते, कंटाळले असतील असं मला वाटलं.

रात्री जेवताना मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. आई म्हणाली, "दोघांच्या तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय का?" 

गुरुवारी अंघोळ करताना मला एक गोष्ट सुचली. टोप्या नव्या घेतल्या, प्रेस खोलून बघितली, हात बदलून बघितला. तपासली नव्हती ती एकच वस्तू: पुंगळी. क्लबाकडं शंभर कोऱ्या पुंगळ्या होत्या, कधीही न उडवलेल्या, मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवलेल्या. मी सरांची परवानगी घेऊन त्यातल्या वीस काढल्या. दहात मी टोप्या बसवल्या. दहात आबांना बसवायला सांगितल्या.

आबांनी त्या दहा बसवल्या तेव्हा मी त्यांच्या हाताकडं बघत होते. हात कापत नव्हता. ते प्रेसकडं बघतही नव्हते फारसे. दांडा अर्ध्यावर आला की क्षणभर थांबायचे, मग अंगठ्यानं शेवटचा दाब द्यायचे.

वीसच्या वीस आरशावर खिळ्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या.

"प्रेस धड हाय," आबा म्हणाले.

"हातही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मग मी जुन्या, धुतलेल्या पुंगळ्यांतली एक घेतली आणि दारात उन्हात जाऊन तिच्या बुडातली खळगी बघितली. पितळ असं लखलखत होतं की डोळे दिपावेत. पण खळगीच्या तळाशी एक पातळ पांढुरका थर दिसला. उडवलेल्या पुंगळीत घाण राहिली तर ती काजळीसारखी काळी असते. हा थर पांढरा होता. मी ब्लाउजची टाचणी काढली आणि खरवडला. सुटेना. सिमेंटसारखा घट्ट बसलेला. शेवटी एक खपली निघाली, ती बोटांत चुरगाळली. कचकच लागली.

ती कचकच माझ्या बोटांच्या रोजच्या ओळखीची होती. रोज सकाळी दारात मी त्याच चिमटीनं ठिपके काढत होते.

रांगोळी.

आता ऐका माझी करणी. दीड महिन्यापूर्वी आई देवघरातली पितळी भांडी घासत होती. चिंचेचा कोळ, त्यात पांढरी रांगोळी, नारळाची शेंडी, आणि पाच मिनिटांत समई अशी झळकली की त्यात तोंड बघावं. मला वाटलं, आपल्या पुंगळ्या आपण अशा का धूत नाही? आबांची पद्धत वेगळी होती. ते आधी पुंगळ्या साबणाच्या गरम पाण्यात धुवायचे, वाळवायचे, मग जुनी टोपी पाडायचे आणि शेवटी प्रत्येक खळगी एका टोकदार काडीनं कोरून काढायचे. एकेक खळगी. दोनशे पुंगळ्यांना अख्खा दिवस जायचा. मी शहाणपणा केला. जुन्या टोप्या आधीच पाडून टाकल्या, म्हणजे खळगीसुद्धा आपोआप धुऊन निघेल, आणि मग सगळ्या पुंगळ्या घरी नेऊन चिंच आणि रांगोळीनं घासल्या. उघड्या खळगीत ओली रांगोळी ठासून भरली. काहींतली पाण्यानं वाहून गेली, काहींतली तिथंच वाळली. खळग्या कोरण्याची गरजच काय, त्या तर चकचकीत दिसताहेत, असं म्हणून मी ते काम सोडून दिलं. त्या पुंगळ्या बघून रोहिदास म्हणाला होता, "ताई, सोनं केलंत की." मी चार दिवस हवेत होते. आबांनी विचारलं होतं, कशानं धुतल्यास? मी म्हटलं, चिंचेनं. रांगोळीचं बोलले नाही. लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस मी आबांच्या डोळ्यात, हातात, प्रेसमध्ये दोष शोधत होते.

मी आत जाऊन आबांना खपली दाखवली. "रांगोळी आहे. मी घासल्या होत्या."

त्यांनी ती बोटावर घेतली, चुरगाळली.  मग खुर्ची मागं सरकवून उठले. "मग खळग्या कोराय लागतील. किती हायत?"

"दोनशेवर."

"काड्या आण."

बस, एवढंच. एक शिवी नाही, एक टोमणा नाही. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी आबा यायच्या आधीच मी घाटगे सरांच्या खोलीत गेले. खपल्या कागदात बांधून नेल्या होत्या. सगळं सांगितलं: कोऱ्या पुंगळ्या, वीसच्या वीस, रांगोळी, माझं घासणं.  माझं बोलणं संपलं तेव्हा सरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

अक्षर आबांचं. एकेक अक्षर सुटं सुटं, लष्करात साहेबाला अर्ज लिहितात तसं.

'सेक्रेटरी साहेबांस. रोहिदास यांच्या काडतुसांत टोप्या वर राहिल्या ही चूक माझ्या हातून झाली. माझी नजर आता कामाची राहिली नाही. परवान्यातून माझे नाव कमी करावे व शैला हिचे घालावे. ती काम जाणते. आपला, ज्ञानू साळोखे.'

"बुधवारी संध्याकाळी घरी आणून दिला," सर म्हणाले. "चहासुद्धा घेतला नाही."

माझे कान तापले. बुधवारी संध्याकाळी तर कुणालाच काही कळलं नव्हतं. प्रेस खोलून बसलो होतो आम्ही.

"हे खरं नाही सर. त्यांना चांगलं दिसतं."

"मंगळवारी तू याच जागी उभी राहून सांगितलंस, दिसत नाही. त्यांनीही तेच लिहून दिलं. आज म्हणतेस, दिसतं. कुठल्या शैलावर विश्वास ठेवू?"

"आजच्या."

"का?"

"कारण मंगळवारी मला ती खुर्ची पाहिजे होती."

 सर माझ्याकडं बघतच राहिले. हेडमास्तरची नजर ती. पोराच्या वहीतली चूक नाही, पोरालाच वाचणारी.

"शैला, हा कागद कमिटीपुढं गेला तर उद्या परवान्यात तुझं नाव लागेल. तू आज सांगितलेलं मी लिहिलं, तर लागणार नाही. निष्काळजीपणा तुझा ठरेल. पुन्हा कधी विषय निघेल ते मी सांगू शकत नाही. विचार करून बोल."

"लिहा," मी म्हणाले. "माझ्या नावानं लिहा. आणि तो कागद मला द्या."

त्यांनी लिहिलं. माझं नाव परवान्यात लागायला पुढं चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत मी पुंगळ्या धुतल्या आणि खळग्या कोरल्या. त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या क्षणी वाटलं. खोटं कशाला सांगू. बाहेर पडताना डोळ्यांपुढं ती खुर्चीच येत होती.

शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही बापलेक समोरासमोर बसून खळग्या कोरत होतो. कागद माझ्या पर्समध्ये होता आणि मला तो बाहेर काढण्याचा धीर होत नव्हता. काम मात्र थांबू दिलं नाही. मी कोरायची, आबा उजेडात धरून तपासायचे, पुन्हा माझ्याकडं टाकायचे. "अजून हाय." पुन्हा कोरायची. "अजून." माझ्या बोटांना फोड आले. दुपारी टोप्या बसवायला घेतल्या, मग दारू, मग गोळी. प्रत्येक काडतूस आरशावर उभं राहिलं, प्रत्येकाच्या बुडावरून आधी माझा अंगठा फिरला, मग आबांचा. संध्याकाळी सहाला दोनशे पुरी झाली, वर साठ जादा.

शनिवारी सकाळी ती जादाची साठ रोहिदासनं मारून बघितली. मी मागं उभी होते, बसवेना. पहिली पाच, दुसरी पाच. प्रत्येक आवाजाला माझा खांदा उडत होता. पंचेचाळीसनंतर मोजणं सोडून दिलं, नुसतं ऐकत राहिले. साठच्या साठ सुटली. रोहिदासनं पिस्तूल रिकामं करून ठेवलं, वळला आणि आबांच्या पाया पडला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, आता चुकलो तर माझा मी चुकलो." दोनशे गोळ्यांची पेटी बगलेत मारली आणि गेला. पुण्यात तो तिसरा आला आणि संघात निवडला गेला, ते आम्हाला सोमवारी कळलं.

तो गेल्यावर खाणीत आम्ही दोघंच उरलो. आबा बाकावर बसले. मी पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी घडी उघडली, आपलंच अक्षर ओळखलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हा तुझ्याकडं कसा?"

"सरांनी परत दिला. चूक माझी होती, तसं मी त्यांना लिहायला लावलं."

"कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला?" असे तडकले की खाणीतून आवाज परत आला. "लिहून दिलं होतं मी. झालं होतं काम. आज तुझं नाव लागलं असतं."

"पण ते खोटं होतं आबा. तुम्हाला दिसतं."

"दिसतंय की. त्या झाडावरचा सरडा दिसतोय."

"मग का लिहून दिलंत? बुधवारी तर आपल्याला कारणसुद्धा माहीत नव्हतं."

आबांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. राग उतरत गेला तसा त्यांचा आवाजही उतरला.

"मंगळवारी तू सरांशी बोलत होतीस तवा मी पत्र्यापलीकडं हात धूत होतो," ते म्हणाले. "तू म्हणालीस, आबांना दिसत न्हाई. कमिटीनं मला बोलावलं असतं, तपासलं असतं. दिसतंय हे कळाय किती वेळ लागतोय? मग सगळी म्हणली असती, साळोख्याची पोरगी खुर्चीसाठी बापावर खोटं बोलली. माझं काय, अजून दोन-तीन वर्षं. तुला या माणसांत जल्म काढायचाय. म्हणून म्हटलं, तू बोललीस ते खरंच करून टाकावं."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी तिथंच बाकावर बसून हमसून हमसून रडले, चोवीस वर्षांची घोडी. आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, तशी त्यांची रीत नव्हती. थोडा वेळ ते शेजारी बसून राहिले, मग उठले आणि रोहिदासच्या उडवलेल्या पुंगळ्या वेचायला गेले.